कोणता उन्हाळा सगळ्यात कडक?

एप्रिलच्या दुपारी पुणे-सोलापूर महामार्गाने यवत ओलांडून भांडगावकडे निघालात, की रस्त्याकडेच्या रसवंत्या गाडी थांबवायला लावतात. बर्फ घातलेला रसाचा पेला हातात आला की गप्पांचा विषय ठरलेला असतो, यंदाचे ऊन. त्यावर बोलता बोलता जुने उन्हाळे निघतात. कोणी २०१९ काढतो, कोणी टँकरच्या रांगांचे २०१६. वयस्कर मंडळी तर थेट बहात्तरच्या दुष्काळापर्यंत मागे जातात.

अशा घोळक्यात हवामानाचा एखादा शौकीन हमखास असतो. त्याच्या ओट्यावर तापमापक टांगलेला असतो आणि जुन्या डायरीत रोजचा पारा लिहिलेला असतो. पहिला वळीव कोणत्या सालात किती तारखेला पडला, हे तो न अडखळता सांगतो. क्रिकेटवेडा माणूस जशी जुन्या सामन्याची धावसंख्या सांगतो, तशीच ही हौस. उन्हाची लाट हा त्यातला सर्वांत रंगणारा विषय. सोसताना नकोशी झालेली लाट पाच वर्षांनी सांगताना मात्र मजा येते.

पण सगळ्यात कडक उन्हाळा कोणता, हे ठरवायचे कसे? सरळ उत्तर म्हणजे पारा पाहायचा. पुण्याचे सर्वाधिक नोंदलेले तापमान ४३.३ अंश सेल्सिअस आहे. ते ७ मे १८८९ रोजी नोंदले गेले आणि पुन्हा ३० एप्रिल १८९७ रोजी. २८ एप्रिल २०१९ रोजी शिवाजीनगरचा पारा ४३ अंशांवर गेला, म्हणजे सव्वाशे वर्षांचा विक्रम थोडक्यात हुकला. २०१९ चे नाव गप्पांत वारंवार येते ते यामुळेच. देशपातळीवर मान राजस्थानातील फलोदीचा. तिथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंशांची नोंद झाली. त्याच उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले होते.

इथे शौकिनांचा पहिला वाद सुरू होतो. ‘पेपरात ४१ छापले, माझ्या ओट्यावर तर ४७ होते.’ दोघेही आपापल्या जागी खरे असतात, फक्त दोघे वेगवेगळ्या गोष्टी मोजत असतात. हवामान खात्याचा तापमापक हवेचे तापमान मोजतो, उन्हाचे नाही. त्यासाठी तो पांढऱ्या रंगाच्या, चारही बाजूंना झडपा असलेल्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर ठेवतात. पेटी मोकळ्या जागेत असते आणि तिचे दार उत्तरेकडे उघडते, म्हणजे नोंद घेताना आत ऊन शिरत नाही. या पेटीला स्टीव्हन्सन पेटी म्हणतात. ती बनवणारा टॉमस स्टीव्हन्सन हा स्कॉटलंडमधला दीपगृहे बांधणारा अभियंता, ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणाऱ्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचा बाप. ओट्यावरचा तापमापक मात्र तापलेल्या भिंतीची धग, समोरच्या फरशीची झळ आणि वरच्या पत्र्याची उष्णता असे सगळेच मोजतो.

हौशी माणसांचे सोडा, मोठ्या यंत्रांचीही फसगत होते. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि बातमी देशभर गेली. नंतर त्या यंत्राचा संवेदक बिघडल्याचे हवामान खात्याने स्पष्ट केले. लिबियातल्या अल अझिझिया येथे १९२२ साली नोंदलेले ५८ अंश हे जगातले सर्वोच्च तापमान म्हणून नव्वद वर्षे पुस्तकांत छापले जात होते. जागतिक हवामान संघटनेने चौकशी करून २०१२ मध्ये ती नोंद रद्द केली. तेव्हा ओट्यावरचे ४७ खोटे ठरले, तर वाईट वाटून घेण्याचे कारण नाही.

दुसरा प्रश्न असा, की उन्हाची लाट म्हणायचे कशाला? सपाट प्रदेशात कमाल तापमान निदान ४० अंश असावे आणि ते तिथल्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असावे, असा हवामान खात्याचा निकष आहे. किनारपट्टीवर ३७ अंशांपासून विचार होतो. सरासरी काहीही असली तरी ४५ अंश झाले की लाट आणि ४७ झाले की तीव्र लाट.

अशी लाट येते तेव्हा आपल्या डोक्यावर, काही किलोमीटर उंचीवर, हवेच्या जास्त दाबाचे क्षेत्र ठाण मांडून बसलेले असते. त्यातली हवा हळूहळू खाली उतरते आणि खाली येताना दाबली जाऊन तापते. सायकलच्या टायरमध्ये हवा भरताना पंपाचे टोक गरम लागते, तोच प्रकार. उतरत्या हवेत ढग बनत नाहीत, त्यामुळे ऊन अडवायला कोणी नसते. त्यात वायव्येकडून, राजस्थान आणि गुजरातच्या बाजूने, कोरडे वारे आले की भर पडते. जमिनीत ओल असेल तर सूर्याची काही शक्ती पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. ओल नसेल तर ती सगळी हवा तापवते. दुष्काळाचे उन्हाळे जास्त भाजतात ते याच कारणाने. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या दौंड आणि शिरूर तालुक्यांना हे वेगळे सांगायला नको.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पारा सर्वांत वर गेला तोच उन्हाळा शरीराला सर्वांत कडक जातो का?

१६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघर येथे उघड्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. भर दुपारच्या उन्हात लाखो माणसे बसली होती. उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. त्या दिवशी जवळच्या हवामान केंद्रावर नोंद होती सुमारे ३८ अंशांची. हा आकडा भांडगावच्या रसवंतीवर कोणी सांगितला, तर ‘एवढेच?’ असे विचारले जाईल.

याचे उत्तर आपल्या घरच्या माठात आहे. माठातून पाणी झिरपते, त्याची वाफ होते आणि वाफ होताना ती आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. आपले शरीरही घामाने हेच करते. देशावरच्या कोरड्या हवेत माठ गारेगार होतो, कोकणच्या दमट हवेत तो तितका होत नाही. घामाचेही तसेच. किती गारवा मिळू शकेल हे मोजायला शास्त्रज्ञ तापमापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळतात आणि त्यावर वारा घालतात. पारा जिथे थांबेल ते ‘ओल्या फुग्याचे तापमान’. हवा ४३ अंश आणि आर्द्रता १२ टक्के असेल तर हा पारा साधारण २१ अंशांवर थांबतो. हवा ३८ अंश पण आर्द्रता ४५ टक्के असेल तर तो सुमारे २८ वर थांबतो. म्हणजे वर्तमानपत्रात पाच अंशांनी थंड दिसणारा दिवस घामाच्या हिशेबात सात अंशांनी अवघड असू शकतो.

ओल्या फुग्याचे तापमान ३५ अंश झाले तर सावलीत बसलेला निरोगी माणूसही फार तास तग धरू शकणार नाही, असे गणित २०१० मध्ये मांडले गेले. पुढे अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात तरुण, धडधाकट माणसांवर प्रत्यक्ष प्रयोग झाले, तेव्हा ती मर्यादा त्याहून बरीच खाली, दमट हवेत ३१ अंशांच्या आसपास निघाली. म्हातारी माणसे, लहान मुले, मधुमेह किंवा हृदयविकार असणारे, लघवी वाढवणारी औषधे घेणारे यांची मर्यादा आणखी खाली धरावी लागेल. उन्हात कष्ट करणाऱ्याचीही, कारण त्याचे शरीर आतूनही तापत असते.

आपल्या भाषेने हा फरक केव्हाच ओळखला आहे. कोरड्या उन्हाची ‘झळ’ लागते, दमट हवेत ‘उकाडा’ होतो. वळीव पडून गेला की दुसऱ्या दिवशी पारा उतरतो, पण जीव मात्र जास्त घाबरतो, तो याच उकाड्याने.

दौंडच्या शिवारात या दोन्हींची गाठ पडते. खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी या तालुक्यातून पुढे इंदापूरकडे जाते आणि त्यावर मैलोन्मैल ऊस उभा आहे. ओलिताच्या शेतावरची हवा माळरानापेक्षा थोडी थंड असते, पण दमटही असते. आयआयटी गांधीनगरच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिले, की भारतातल्या ओलिताच्या पट्ट्यात सिंचनाने पारा उतरतो, मात्र ओलसर उष्णतेचा त्रास वाढतो. उसाच्या फडात तर डोक्याएवढ्या पाचटात वाराही शिरत नाही. आणि गुऱ्हाळात चुलवाणापुढे बसून चिपाड घालणाऱ्या माणसाला बाहेरचा पारा किती, याने फारसा फरक पडत नाही. त्याच्यासमोर बारा महिने लाट असते.

या माणसांच्या आठवणीतला उन्हाळा शौकिनांच्या वहीत कदाचित सापडणार नाही. २०२२ चेच पाहा. त्या वर्षी पुण्याने २०१९ चा आकडा ओलांडला नाही, म्हणून गप्पांत ते साल क्वचितच निघते. पण १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला तोवरचा सर्वांत उष्ण मार्च त्या वर्षीचा होता. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात, ती सवय होण्याआधीच लाट आली. त्याच वर्षी महाराष्ट्रात उसाचे विक्रमी पीक होते. एरवी मार्च-एप्रिलमध्ये संपणारा गळीत हंगाम जूनपर्यंत लांबला. बीड, अहमदनगरकडून आलेल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या एप्रिल आणि मे या दोन्ही महिन्यांत फडात कोयता चालवत होत्या. एरवी मृगाच्या आधी बरेच दिवस त्या गावी पोहोचलेल्या असतात. दुपारी टेकायला सावली म्हणजे बैलगाडीखालची, आणि रात्री निजायला कोपी.

रात्रीचा उल्लेख मुद्दाम केला. दिवसभर तापलेले शरीर रात्री निवते, हृदयाचे काम हलके होते, झोप लागते. रात्र गार झाली नाही तर दुसऱ्या दिवसाची सुरुवातच थकव्याने होते आणि लाटेच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणसे कोसळू लागतात. म्हणून हवामान खाते आता ‘उष्ण रात्री’चाही इशारा देते. पूर्वी पांढऱ्या मातीच्या जाड भिंतींची घरे होती, अंगणात बाजा टाकून झोपायची रीत होती. आता स्लॅब आणि पत्रा दिवसभर साठवलेली उष्णता मध्यरात्रीपर्यंत खोलीत सोडत राहतात.

एखादी लाट खरोखर किती भयंकर होती, हे बहुतेक वेळा नंतर मोजल्यावरच कळते. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला. लोकांनी आकडा लक्षात ठेवला. पुढे मृत्यूच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसले, की त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले होते. त्यातल्या बहुतेकांच्या दाखल्यावर ‘उष्णता’ हा शब्दही नव्हता. त्या हिशेबातूनच २०१३ मध्ये अहमदाबादेने उष्णतेच्या सामन्याचा आराखडा तयार केला. तो पुढे इतर शहरांनी नमुना म्हणून वापरला.

तेव्हा हवामानाच्या शौकिनांना एक सुचवणी. वहीत कमाल तापमान लिहिता, ते लिहाच, पण तापमापक भिंतीवरून काढून सावलीत, हवेशीर जागी टांगा. त्याशेजारी पहाटेचे किमान तापमान, आर्द्रता आणि ‘सलग कितवा दिवस’ असे आणखी तीन रकाने आखा. चौथा रकाना गावातल्या माणसांचा ठेवा. चक्कर येऊन कोण पडले, कोणाला दवाखान्यात न्यावे लागले, तेव्हा काय काम चालू होते. अशी पाच वर्षांची वही एखाद्या गावात असेल, तर शाळेची वेळ, रोजगार हमीचे काम आणि ऊसतोडीच्या पाळ्या कधी बदलायच्या, हे ग्रामपंचायतीला अंदाजाने ठरवावे लागणार नाही.

आणि एवढे सगळ्यांनीच लक्षात ठेवावे. उन्हात काम करणारा माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला, त्याला झटके आले किंवा शुद्ध हरपली आणि अंग चटका लागण्याइतके तापले असेल, तर तो उष्माघात समजावा. कष्टाच्या कामातल्या उष्माघातात अंगाला घाम असू शकतो, म्हणून ‘घाम येतोय, म्हणजे काही नाही’ असे म्हणू नये. १०८ ला फोन करावा आणि गाडीची वाट पाहत न बसता त्याला सावलीत नेऊन, कपडे सैल करून, अंगावर भरपूर पाणी ओतत वारा घालावा. बर्फ मिळाला तर मानेला, काखेत, जांघेत ठेवावा. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही.

बर्फ रसवंतीवर असतोच. जुन्या उन्हाळ्यांच्या गप्पा तिथे रंगू द्याव्यात, फक्त महामार्गापलीकडच्या फडात भर दुपारी कोण वाकलेले आहे, तिकडे अधूनमधून एक नजर असावी.