उसातली बाळंतीण

जुन्नर-आंबेगावात ऊसतोड सुरू झाली की फडात बिबट्याचे बछडे सापडतात. वर्षभर उभा ऊस, जवळ पाणी, वस्तीवरची कुत्री. मादीला बाळंतपणाला याहून सोयीची जागा कुठली? बछडे मांजराच्या पिलांसारखे दिसतात म्हणून लोक उचलतात, फोटो काढतात. इथेच चुकते. आई बहुधा जवळच असते. वनखाते पिले त्याच फडात खोक्यात ठेवते आणि बहुतेकदा मादी रात्रीतून ती घेऊन जाते. न आली, तर रवानगी माणिकडोहच्या निवारा केंद्रात.

उचलताना ओरखडा उठला, तर हळद-चुना लावू नये. साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावे, त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात रेबीजची लस घ्यावी. रक्त आले असेल तर जखमेत इम्युनोग्लोबुलिनही लागते.