शिडाच्या होडीवरची शेगडी

अरबी समुद्रातल्या जुन्या शिडाच्या जहाजांवर लाकडी पेटीत माती-वाळू भरून तिच्यावर चूल मांडत. वाळू उष्णता खाली उतरू देत नसे, म्हणून लाकडी जहाजावरही जाळ पेटवता येई. इतका साधा आणि इतका नेमका उपाय पाहून मन थक्क होते.

आजच्या शिडाच्या होडीपुढेही आग सांभाळण्याचा तोच प्रश्न आहे. समुद्रपर्यटनाच्या होडीत आतली शेगडी दोन खुंट्यांवर झुलती टांगतात, त्यामुळे होडी कलली तरी पातेले सपाट राहते. मासे भाजायची जाळीची शेगडी मात्र बाहेर, मागच्या कठड्यावर घट्ट बसवतात. ती झुलत नाही, म्हणून नांगर टाकल्यावरच पेटवायची.

अशी शेगडी निवडताना आकार सगळ्यात शेवटी पाहावा. कोळशाची शेगडी चवीला उत्तम, पण शिडे बहुधा पॉलिएस्टरची असतात आणि हे कापड साधारण 250 अंश सेल्सिअसला वितळते. उडालेला एक निखारा पुरे. गॅस बरा, पण तोही जपून. तो हवेपेक्षा जड असल्याने गळाला तर होडीच्या तळाशी साचून राहतो आणि एका ठिणगीने भडका उडतो. म्हणून सिलिंडर उघड्यावर ठेवावा, किंवा ज्याच्या तळाचे भोक थेट समुद्रात उघडते अशा कप्प्यात. स्टेनलेस पोलाद 316 प्रतीचेच घ्यावे. त्यातले मॉलिब्डेनम खाऱ्या हवेतल्या क्लोराइडला तोंड देते. 304 प्रतीवर समुद्रात लवकर डाग पडतात. झाकणाला कडी हवीच. बांगड्याची चरबी आचेवर टपकली की ज्वाळा उठते, आणि ती दाबायला घट्ट झाकणासारखे दुसरे काही नाही.

कठडा मागचाच का? नांगरलेली होडी आपोआप वाऱ्याकडे तोंड करते, त्यामुळे धूर आणि ठिणग्या मागे समुद्राकडे जातात. कुणी न सांगता होडी स्वतःच आगीला पाठीमागे ठेवते, हे मला फार विलक्षण वाटते. गोव्यात मांडवी नदीच्या मुखाशी मात्र भरती-ओहोटीच्या ओढीने होडी वाऱ्याला आडवी होऊ शकते. तिथे आधी धूर कुठे जाईल ते पाहावे, मगच काडी ओढावी.