डोक्याचं हाड न कापता कवटीच्या आजाराचा अभ्यास कसा होतो? स्टेम सेल्सचं काम समजून घ्या

आजी बाळाच्या टाळूवर तेल घालते, ती जागा मऊ का असते? कारण बाळाची कवटी एकसंध नसते. हाडांच्या तुकड्यांमध्ये शिवणी असतात आणि मेंदू वाढतो तशी कवटीही वाढते.

साधारण दोन-अडीच हजारांत एका बाळाच्या शिवणी वेळेआधीच जुळतात. याला क्रॅनिओसिनोस्टोसिस म्हणतात. काही बाळांमध्ये याचं कारण जनुकातली चूक असते. उदाहरणार्थ, एपर्ट सिंड्रोममध्ये एफजीएफआर२ या जनुकात बिघाड असतो. क्रॅनिओमेटाफिजिअल डिस्प्लेसिया हा त्याहून दुर्मिळ आजार. त्यात कवटीचं हाड जाड होत जातं, नसा दाबल्या जातात आणि दृष्टी किंवा ऐकू येणं जाऊ शकतं.

अडचण काय आहे?

अभ्यासासाठी मुलाच्या कवटीचं हाड वारंवार काढता येत नाही. उंदरांवर प्रयोग होतात, पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे.

मग उपाय काय?

जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या साध्या पेशी पुन्हा मूळ अवस्थेत नेऊन दाखवल्या. त्यांना २०१२ मध्ये नोबेल मिळालं. या आयपीएस पेशींपासून हाड बनवणाऱ्या आणि झिजवणाऱ्या पेशी तयार करता येतात. रुग्णाच्या जनुकातली चूक त्यांच्यात तशीच असते. क्रिस्पर तंत्राने काही पेशींमधली चूक दुरुस्त करायची, दोन्ही गट शेजारी वाढवायचे आणि फरक बघायचा. औषधंही आधी याच पेशींवर तपासता येतात.

अमेरिकेतल्या कनेक्टिकट विद्यापीठात क्रॅनिओमेटाफिजिअल डिस्प्लेसियाच्या रुग्णांच्या रक्तातून अशा पेशी तयार झाल्या आहेत.

म्हणजे उपचार मिळाला?

नाही. हे संशोधन आहे. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताचे ठराविक आजार वगळता स्टेम सेल उपचार फक्त मान्यताप्राप्त चाचण्यांमध्येच करता येतात. त्यामुळे कुणी पैसे घेऊन 'स्टेम सेलचं इंजेक्शन' देतो म्हणालं, तर सावध व्हा.

पालकांनी काय करावं?

मोहरीच्या उशीने किंवा मालिशने जुळलेली शिवण उघडत नाही. डोक्याचा आकार वेगळा वाटला किंवा टाळू फार लवकर भरली, तर लगेच बालरोगतज्ज्ञांना दाखवा. शस्त्रक्रिया लागलीच, तर ती बहुतेकदा पहिल्या वर्षातच करतात. शहाड-कल्याणच्या कुटुंबांसाठी परळचं केईएम रुग्णालय लोकलच्या अंतरावर आहे. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात ते 'सेंटर ऑफ एक्सलन्स' आहे.

प्रयोगशाळेतलं उत्तर यायला वर्षं लागतील. बाळाची तपासणी मात्र आजच करता येते.