‘ळ’ नसलेली पाटी

गाणगापूरला दत्तदर्शनासाठी जाणाऱ्या गोव्या-कोकणातील भाविकांची संख्या लहान नाही. संगमावरचे स्नान आणि निर्गुण पादुकांचे दर्शन आटोपले की घरच्या मुलांसाठी काहीतरी घ्यावे म्हणून वाटेवरच्या दुकानांपुढे थांबण्याचा रिवाजही जुनाच आहे. अशा दुकानांतून भिंगरी आणि पिपाणी यांच्या शेजारी आता एक काळी, गुळगुळीत पाटी टांगलेली दिसते. किंमत दीड-दोनशे रुपये. प्लास्टिकच्या लेखणीने तिच्यावर दाबले की आतल्या द्रवरूप स्फटिकांची रचना बदलते आणि हिरवट रेघ उमटते. बटण दाबले की विजेचा सूक्ष्म झटका बसून सारी पाटी क्षणात कोरी होते. खडूची धूळ नाही, पाण्याचे फडके नाही. मुलांना ती आवडते यात नवल नाही. (तिच्यात असलेला नाण्याएवढा विजेचा घट मुलाने गिळल्यास अन्ननलिका काही तासांत भाजून निघते, एवढे मात्र पालकांनी ध्यानात ठेवावे आणि घटाचे झाकण स्क्रूने बंद आहे ना, ते पाहून घ्यावे.)

परंतु या स्वस्त पाट्यांपैकी बहुतेकांवर चुकलेले एकच अक्षर पुसता येत नाही. पुसायचे तर सगळेच पुसावे लागते. दगडी पाटीवर मूल चुकलेला काना बोटाने पुसून पुन्हा ओढीत असे, आणि आपण नेमके कोठे चुकलो ते त्याला तेथेच दिसत असे. येथे चूक आणि बरोबर दोन्ही एकाच झटक्यात नाहीशी होतात.

ही पाटी निदान मुकी आहे. तिच्यापुढची पायरी म्हणजे मोबाइल फोनवरील आणि बोलक्या फळ्यांवरील खेळ. ठिपक्यांवरून बोट फिरवले की ‘अ’ पुरा होतो, टाळ्या वाजतात, एखादा हत्ती नाचतो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीने १९७८ साली ‘स्पीक अँड स्पेल’ हे शब्दलेखन शिकविणारे बोलके खेळणे बाजारात आणले, तेव्हापासून ही परंपरा चालू आहे. तिच्याही आधी, १९६७ मध्ये, सेमूर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी ‘लोगो’ नावाची संगणकभाषा तयार केली होती. तीत मूल हुकूम सोडी आणि कासव रेघ ओढी. चौकोन काढायचा तर किती पावले पुढे जायचे आणि कोठे वळायचे, हे मुलाने ठरवायचे. आजच्या खेळांत हे नाते नेमके उलटे झाले आहे. ठिपके यंत्राने मांडलेले, वळण यंत्राचे, शाबासकीही यंत्राची. मुलाने फक्त बोट फिरवायचे.

हे सारे आम्ही बीदर आणि कलबुर्गी या सीमाभागाच्या संदर्भात लिहीत आहोत, त्यास कारण आहे. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांतील कित्येक घरांत मराठी बोलली जाते. निजामी राजवटीत येथे उर्दूचा अंमल होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर कन्नड ही राज्यभाषा झाली. कर्नाटकाच्या २०१५ च्या कायद्यान्वये शाळांतून कन्नड अनिवार्य झाली आहे, आणि ज्या राज्यात राहायचे त्याची भाषा शिकण्यात वावगे काही नाही. तेव्हा येथील मराठी शाळेतील मुलास बाळबोध, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन लिपी कोवळ्या वयात आत्मसात कराव्या लागतात. बाळबोध अक्षर शिरोरेषेला टांगलेले, दंडाच्या आधाराने उभे. कन्नड अक्षर वाटोळे, वेलांटीसारखे वळत जाणारे. एकाच मनगटास दोन वळणे बसवायची आहेत. खऱ्या मदतीची गरज कोणास असेल तर ती या मुलास.

त्याच्या हाती काय पडते? देवनागरीचे म्हणून जे खेळ फोनवर सर्रास मिळतात, त्यांतील बरेचसे हिंदीच्या बाजारपेठेसाठी बनविलेले असतात. त्यांची वर्णमाला ‘ज्ञ’पाशी संपते. तीत ‘ळ’ नाही. शाळा, फळा, बाळ, जोंधळा हे बीदरच्या मुलाचे रोजचे शब्द त्या खेळात लिहिताच येत नाहीत. गंमत अशी की, त्याची शेजारभाषा कन्नड हिलाही ‘ळ’ तितकाच प्रिय आहे. पावसाला ‘मळे’ आणि खेड्याला ‘हळ्ळी’ म्हणणारी ती भाषा! दोन भाषांच्या सीमेवरील मुलाच्या दोन्ही भाषांत असलेले अक्षर तेवढे खेळातून गळाले आहे. आळंदच्या मुलाला आपल्या गावाचे नावसुद्धा त्यात लिहिता यायचे नाही. ‘ल’ आणि ‘श’ यांचीही तीच गत. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने या दोन अक्षरांची मराठी वळणे निश्चित केली. खेळात मात्र हिंदीचे वळण गिरवले तरच टाळी मिळते. घरी आजीने शिकविलेला ‘श’ काढला की यंत्र ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हणते. चार वर्षांच्या मुलाने कोणावर विश्वास ठेवावा?

आम्ही यंत्राचे वैरी नाही. गिरवण्याच्या नावाखाली बोटांवर बसलेल्या छड्या आमच्या पिढीला विसरता आलेल्या नाहीत, आणि यंत्र छडी मारीत नाही. ते कंटाळत नाही, अक्षराबरोबर उच्चारही ऐकवते. घरात वाचता येणारे कोणी नाही अशा मुलास त्याचा आधार होऊ शकतो. पण गिरवणे आणि लिहिणे यांत फरक आहे. इंडियाना विद्यापीठातील करिन जेम्स आणि लॉरा एंगेलहार्ट यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांना काही अक्षरे स्वतःच्या हाताने काढावयास लावली, काही गिरवावयास आणि काही कळफलकावर दाबावयास लावली. नंतर अक्षरे पाहताना मेंदूतील वाचनाशी निगडित भाग जागे झाले ते स्वतः काढलेल्या अक्षरांच्या बाबतीत. वेडीवाकडी का होईना, रेघ आपली असावी लागते.

बीदरला हे परदेशी अभ्यासातून शिकण्याची गरज पडू नये. तेथील बिदरी कारागीर जस्त-तांब्याच्या ओतीव भांड्याचा पृष्ठभाग मोरचुदाच्या द्रावणाने तात्पुरता काळा करतो. तेवढ्यापुरती त्या भांड्याची पाटीच होते. त्या काळ्यावर टोकदार हत्याराने तो हातानेच वेलबुट्टी रेखतो, मग ती खोदून तीत चांदीची तार ठोकून बसवितो. २००६ साली भौगोलिक मानांकन मिळालेली ही कला अशा रेघेवर उभी आहे. त्याच जिल्ह्यातील कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, ही चालुक्यांची राजधानी. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात चित्रकलेचे सविस्तर विवेचन आहे, आणि मराठी भाषेच्या जुन्या खुणा शोधणारे अभ्यासकही याच ग्रंथाकडे वळतात. कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबादच्या फरशीबद्दल तर काय सांगावे! ती आपल्या कोकणातल्या घरांतही पोहोचली आहे आणि कित्येक मुलांनी पहिले चित्र कोळशाने किंवा खडूने तिच्यावरच काढलेले आहे. एवढी मोठी, फुकटची आणि न फुटणारी पाटी दुसरी नसेल.

कर्नाटकाला या वाटेचा अनुभव नाही असेही नव्हे. अझीम प्रेमजी फाउंडेशनने या शतकाच्या पहिल्या दशकात शाळांसाठी अनेक भाषांत संगणकीय खेळांच्या तबकड्या तयार करविल्या. पुढे २०१० मध्ये त्याच संस्थेच्या अनुराग बेहार यांनी, शिक्षणाचे मूळ प्रश्न संगणकाने सुटत नाहीत, असे वृत्तपत्रातून स्पष्टपणे मांडले. अशी प्रांजळ कबुली विरळाच. उलट हेग्गडदेवनकोटे येथे १९९५ मध्ये सुरू झालेली ‘नली-कली’ ही पद्धत कागदी पत्ते, गाणी आणि भिंतीवरचे खालचे फळे एवढ्या सामग्रीवर राज्यभर पसरली.

तथापि फोन घराघरांत शिरले आहेत; ते परत जाणार नाहीत. मग त्यांतला खेळ तरी त्या मुलाच्या भाषेचा असावा. कर्नाटकाची पाठ्यपुस्तक संस्था मराठी माध्यमाची पुस्तके छापते. पुण्याची ‘बालभारती’ १९६७ पासून हेच काम करीत आहे. सीमेवरील ८६५ गावांचा वाद २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो तेथे चालू द्यावा. पण ‘ळ’ असलेला, मराठी वळणाचा ‘श’ मान्य करणारा, एका बाजूस बाळबोध व दुसऱ्या बाजूस कन्नड दाखविणारा आणि ठिपके हळूहळू पुसून शेवटी मुलाला कोरी जागा देणारा एक साधा खेळ या दोन संस्थांनी मिळून करण्यास कोणत्याही न्यायालयाची हरकत असण्याचे कारण नाही. खर्चही एखाद्या परिसंवादाहून फारसा अधिक येऊ नये.

गोव्याने यात रस घ्यावा, याचेही कारण दूर नाही. पणजी-म्हापशाच्या नव्या इमारतींवर राबणाऱ्या मजुरांत उत्तर कर्नाटकातून आलेली कुटुंबे आहेत. आई डोक्यावर घमेले घेऊन वर गेलेली असते, आणि खाली रेतीच्या ढिगाजवळ धाकट्याच्या हाती फोन दिलेला असतो. तो रडू नये म्हणून. त्या रेतीवर त्याने काढलेली रेघ उद्याच्या कामात फावड्याखाली जाईल; पण तो ती काढीत असेल तर कंत्राटदाराने त्याला तेथून हाकलू नये, आणि जवळच्या अंगणवाडीच्या बाईंनी त्याला हाताला धरून आत न्यावे.