अतिनील किरण बघायला दुर्बीण आकाशात का पाठवावी लागली?

मे महिन्यात आपल्या वर्ध्यात पारा ४५ च्या आसपास गेला की वर्गातून हमखास आवाज येतो, "सर, आज अतिनील किरण जास्तच आले वाटते!"

घोटाळा इथेच होतो. हवा तापणं वेगळं आणि अतिनील किरण वेगळे. लडाखमध्ये थंडीनं कुडकुडणाऱ्या माणसाचीही कातडी उन्हात भाजते. कारण तिथे डोक्यावर हवेचा थर पातळ असतो, त्यामुळे हे किरण कमी अडतात. मुलांना हा एक मुद्दा कळला की पुढचं सोपं जातं: जितकं उंच जावं, तितके अतिनील किरण जास्त.

पण ३०० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचे किरण ओझोन आणि ऑक्सिजन वरच्या वरच अडवतात. ते अडतात म्हणून तर आपण जगतो! मात्र खूप तापलेले, तरुण तारे नेमके याच किरणांत ठळक दिसतात. मग ते बघायचे कसे? हवेच्या वर जाऊन.

२८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोटाहून पीएसएलव्ही-सी३० रॉकेटने 'अ‍ॅस्ट्रोसॅट' उपग्रह सुमारे ६५० किलोमीटर उंचीवर सोडला. त्यावरच्या अतिनील दुर्बिणीचे आरसे जेमतेम ३८ सेंटिमीटरचे, म्हणजे घरच्या परातीएवढे. बेंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था, पुण्याची आयुका अशा संस्थांनी मिळून ती बनवली. कॅनडाचीही साथ होती.

गंमत म्हणजे वर पोचल्यावर दुर्बिणीची झाकणं लगेच उघडली नाहीत. तब्बल दोन महिने बंद ठेवली. नव्या उपग्रहाच्या भागांतून सूक्ष्म वाफा निघतात. त्या आरशावर बसल्या, तर अतिनील किरणांना आरसा आंधळाच! आधी वाफा निघून जाऊ दिल्या, मग झाकणं उघडली.

या धीराचं फळ २०२० मध्ये जाहीर झालं. आयुकाचे कनक साहा आणि सहकाऱ्यांनी याच दुर्बिणीतून एक दीर्घिका टिपली. तिचा प्रकाश ९.३ अब्ज वर्षांपूर्वी निघालेला. २.४ मीटर आरशाच्या हबल दुर्बिणीला तिचे हे अतिनील किरण दिसले नव्हते. आपल्या दुर्बिणीत नको असलेला 'गोंगाट' फार कमी, म्हणून अगदी मोजके प्रकाशकणही ओळखू आले.

वर्गात हा पाठ घेताना उपग्रहाचं नाव पाठ करून घेऊ नका. आधी फक्त विचारा, "लडाखात थंडी असूनही कातडी का भाजते?" आणि थोडं थांबा. उत्तर मुलंच देतील.