जुन्या मोटारीचे दोषनिदान आणि अन्वय-व्यतिरेक

शब्दाचा कोणता अवयव कोणत्या अर्थाचा वाहक आहे, हे ठरविण्यासाठी प्राचीन वैयाकरणांनी अन्वय-व्यतिरेकाची पद्धती स्वीकारली. कात्यायनाच्या वार्तिकांत आणि पतंजलीच्या महाभाष्यात तिचा विचार आढळतो. एक असता दुसरे असणे हा अन्वय. एक नसता दुसरे नसणे हा व्यतिरेक. 'घरात' आणि 'घराला' या रूपांत 'घर' कायम राहते व प्रत्यय बदलतो. त्याबरोबर अर्थाचाही तेवढाच अंश बदलतो. या पद्धतीचा उपयोग व्याकरणापुरताच मर्यादित नाही. जुन्या मोटारीतील दोष ओळखणारा कुशल कारागीर, नाव न घेता, नेमकी हीच पद्धती वापरीत असतो.

विजापूर-गदगकडे जाणारा लोहमार्ग जेथे फुटतो, त्या होटगीहून वैशाखातील दुपारी एक जुनी मोटार सोलापूरकडे निघाली आहे, अशी कल्पना करावी. वाटेत उष्णतादर्शक काटा वर चढतो आणि त्याच सुमारास स्टेअरिंग जड होते. चालकाला हे दोन स्वतंत्र रोग वाटतात. परंतु काही जुन्या मोटारींत स्टेअरिंगचा तेलपंप आणि इंजिनाभोवती शीतक द्रव फिरविणारा पंप एकाच पट्ट्यावर चालतात. दोन्ही लक्षणे एकदम उद्भवली आणि बॅटरीचा दिवाही लागला, तर प्रथम संशय पट्ट्यावर घ्यावा. लक्षणे तीन असली, तरी कारण एकच असू शकते. अशा वेळी गाडी तत्काळ थांबविणे श्रेयस्कर. कारण आणखी थोडे अंतर रेटल्यास इंजिनाचे हेड वाकून दुरुस्तीचा खर्च अनेक पटींनी वाढतो.

लक्षणे पृथक् असतील, तर एकेक परिस्थिती बदलून पाहावी. उभ्या गाडीत काटा चढतो आणि वेग घेताच उतरतो, तर पंख्याकडे लक्ष द्यावे; कारण धावत्या गाडीत पंख्याचे काम वारा करीत असतो. उलट, वेगातच काटा चढत असेल, तर रेडिएटर तुंबला आहे किंवा द्रवाचे अभिसरण मंदावले आहे, असे अनुमान निघते. स्टेअरिंगच्या बाबतीतही असेच आहे. सरळ जाताना शांत असलेली गाडी केवळ वळविताना कण्हत असेल, तर तेलाची पातळी पाहावी. तेलात फेस दिसल्यास आत हवा शिरली आहे. पुढील चाके जॅकवर उचलूनही स्टेअरिंग जडच राहिले, तर टायरमधील कमी हवा हे कारण बाद होते. मात्र इंजिन बंद असता स्टेअरिंग जड असणे हा दोष नव्हे; द्रवाच्या दाबाचे साहाय्य इंजिन चालू असतानाच मिळते. १९५१ साली क्रायस्लर कंपनीच्या मोटारींतून बाजारात आलेल्या या योजनेचे तत्त्व आजही तेच आहे. विजेच्या मोटरने साहाय्य करणाऱ्या नव्या गाड्यांत बहुधा हे तेलच नसते. म्हणून आपली गाडी कोणत्या जातीची, हे आधी पाहावे.

गाडीखाली पडलेला डाग हे तिसरे चिन्ह. येथे सांकेतिक आणि नैसर्गिक चिन्हांतील भेद उपयोगी पडतो. शीतक द्रवाचा हिरवा वा गुलाबी रंग हा निर्मात्याने दिलेला संकेत होय. स्टेअरिंगचे तेलही पुष्कळदा तांबडेच असते. त्यामुळे केवळ रंगावर विसंबू नये. थेंब पाण्यात टाकावा : शीतक मिसळतो, तेल तरंगते. हा गुणधर्म कोणाच्या संकेतावर अवलंबून नाही. नितळ, गंधहीन पाणी बहुधा वातानुकूलन यंत्राचे असते. त्याची चिंता नको. शीतकातील ग्लायकॉल गोडसर, परंतु विषारी असते. ते चाखू नये, आणि कुत्र्या-गुरांच्या वाटेत सांडू देऊ नये.

सर्वांत मोठा धोका मात्र नावांतून उद्भवतो. रेडिएटरमधील द्रवाला मराठी चालक 'पाणी' म्हणो की कानडी चालक 'नीरु', त्या शब्दाच्या व्याप्तीमुळे बोअरचे जड पाणी त्यात निःशंकपणे ओतले जाते आणि आत क्षारांचा थर साचतो. 'तेल' हा शब्द तर त्याहून घातक. ब्रेकचे तेल स्टेअरिंगमध्ये गेल्यास तेथील रबरी सील खराब होतात. स्टेअरिंगचे तेल ब्रेकमध्ये गेल्यास सील फुगून ब्रेकच निकामी होऊ शकतात. 'उकळणे' या शब्दावरही विसंबू नये. साध्या दाबाखाली पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. बंद रेडिएटरमध्ये दाब सुमारे एक वातावरणाने वाढला, की १२० अंशांपर्यंत ते द्रवरूपच राहते. द्रव उकळताना दिसत नाही म्हणून झाकण उघडल्यास दाब एकदम उतरतो आणि उसळलेली वाफ तोंडावर येते. इंजिन पुरते निवल्यावाचून झाकणास हात लावू नये.

अन्वय केवळ संशय उत्पन्न करतो. व्यतिरेकाच्या कसोटीस उतरल्यावरच त्याचे निदान होते. सुटा भाग बदलण्यापूर्वी परिस्थिती बदलून पाहावी, हा नियम रूपविचाराच्या अभ्यासकाला परिचित आहे. होटगीच्या रस्त्यावर त्याचे मोल पैशांत, आणि प्रसंगी प्राणांत, मोजावे लागते.