शिवारातील विद्यापीठ

विद्यापीठ म्हटले की आपल्या सुशिक्षित घरांतून परीक्षा, पदवी आणि नोकरी ही त्रयी डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु ज्यास चाळिशी उलटल्यावर, घरची शेती सांभाळून, काही शिकावयाचे आहे, त्याने कोणत्या विद्यापीठाचे दार ठोठवावे? वऱ्हाडात ह्या प्रश्नाचे उत्तर अकोल्यास मिळते.

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची स्थापना २० ऑक्टोबर १९६९ रोजी झाली. ते कोणी आपण होऊन दिलेले दान नव्हे. १९६७ साली ह्या मागणीसाठी वऱ्हाडात आंदोलन पेटले आणि त्यात काहींचे प्राणही गेले. ज्यांचे नाव ते धारण करते ते पंजाबराव अमरावती जिल्ह्यातील पापळचे. विलायतेस जाऊन वैदिक वाङ्मयातील धर्मविचारावर प्रबंध लिहिणारे हे विद्वान १९५२ ते १९६२ पर्यंत केंद्रात कृषिमंत्री होते. लोकांनी झगडून मिळविलेल्या विद्यापीठावर लोकांचे ऋण असते, आणि ते केवळ पदवीदान समारंभांनी फिटत नाही.

म्हणूनच कृषी विद्यापीठांकडे अध्यापन व संशोधन ह्यांच्या जोडीस विस्तार हे तिसरे काम सोपविलेले असते. ह्या पद्धतीचा उगमही कापसाच्याच मुलखातला आहे. अमेरिकेतील टेक्सास प्रांतात सोंडकिड्याने कपाशीची बोंडे फस्त केली, तेव्हा १९०३ साली टेरेल ह्या गावी सीमन नॅप ह्यांनी व्याख्याने देण्याऐवजी शेतकऱ्याच्याच शेतात पीक काढून दाखविले. १९१४ साली तेथे कायदा होऊन हे काम कृषी महाविद्यालयांकडे आले. डोळ्यांनी पाहिलेले मनास पटते, हे आपल्या शेतकऱ्यास कोणी शिकवावयास नको.

अकोल्याची ‘शिवार फेरी’ ह्याच तत्त्वावर चालते. विदर्भातील शेतकरी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर जमतात, उभी पिके निरखतात आणि शास्त्रज्ञांस बांधावरच प्रश्न विचारतात. उलटपक्षी शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी ‘कृषिदूत’ व ‘कृषिकन्या’ होऊन खेड्यांत जातात. तेथे ते जितके शिकवितात तितकेच शिकतात. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात विहिरीचे खारे पाणी दिले असता काळी जमीन सुधारण्याऐवजी बिघडते. पावसाचे पाणीच अडवून जिरवावे लागते, हा धडा त्या मातीत उभे राहिल्याशिवाय अंगी मुरत नाही.

विद्यापीठाने तयार केलेली ‘पीकेव्ही मिनी डाळ मिल’ हे ह्या देवघेवीचे आणखी एक फळ. वऱ्हाडातील शेतकऱ्याने तूर बाजारात विकावी आणि घरच्या वरणासाठी डाळ विकत आणावी, हा व्यवहार आपल्या गृहिणींस सहज उमगेल. हे लहानसे यंत्र गावातच बसविता येते. तुरीला खरडा पाडणे, तेलाचा हात देणे, पाणी शिंपून वाळविणे हे टप्पे शिकून घेतले की बचत गटातील बायाही ते चालवितात, आणि डाळीचा नफा गावात राहतो.

येथवर सारे समाधानाचे. परंतु २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषध फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. कीटकनाशकाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग असतो. तो विषाची तीव्रता दाखवितो आणि त्यांत लाल सर्वांत जहाल. एवढी खूण ओळखण्यास साक्षरताही लागत नाही. पण ती कोणी तरी समजावून दिलेली असावी लागते. शिवार फेरीस बहुधा जमिनीचा मालक जातो. पाठीवर पंप घेणारा मजूर आणि निंदणाऱ्या बाया त्या दिवशीही कामावरच असतात, कारण त्यांचा रोज बुडतो. ज्ञान बांधापर्यंत येते आणि बांधावरच थबकते, ते येथे.

हे थबकलेले ज्ञान पुढे नेणे एकट्या विद्यापीठास साधणार नाही. आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या घरची शेती वऱ्हाडात बटईने किंवा मक्त्याने दिलेली असते आणि वर्षाकाठी हिशेबापुरताच तिच्याशी संबंध येतो. अशा घरांतील वडीलधाऱ्यांस आमची एक विनंती आहे. यंदाच्या शिवार फेरीस आपल्या शेतावर राबणाऱ्या दोघांस, त्यांपैकी एक बाई असावी, त्या दिवसाची मजुरी व गाडीभाडे देऊन अकोल्यास धाडावे. फवारणीपूर्वी हातमोजे व तोंडावरचा मुखवटा त्यांच्या हाती पडला की नाही, हे पत्राने नव्हे तर जातीने पाहावे. आणि हिशेबाच्या वेळी किती क्विंटल कापूस झाला, ह्या प्रश्नाबरोबर अकोल्यास काय पाहिलेत, हेही त्यांस विचारावे.